शंभराला सात

पंचाक्षरीनं तिसऱ्यांदा पत्र्याच्या दारावर खडूनं आडवी रेघ ओढली, वर सात लिहिले, खाली शंभर, आणि खडू असा दाबला की त्याचे दोन तुकडे झाले.

"हे बघ अक्का. खालचे शंभर म्हंजे बँकेची एकूण मालमत्ता. वरचे सात म्हंजे बँकेनं लांबच्या मुदतीवर घेतलेलं कर्ज. शंभराला सात. लई कमी हाय. बँक मजबूत हाय. झालं?"

"झालं की," जगदेवी अक्का म्हणाली. "पण बाकीचे त्र्याण्णव कुणाचे?"

पालथ्या घड्यावर पाणी! सकाळपासून हेच चाललं होतं. उदगीरच्या त्याच्या डाळ मिलमध्ये अक्का आली, खुर्ची दिली तरी खुर्चीवर न बसता तुरीच्या पोत्यावर बसली, मांडीवर पिशवी घेतली आणि धाकट्या भावाची परीक्षा घेऊ लागली. पिशवीत बँकेच्या दहा वर्षांच्या रोख्यांचा अर्ज होता. भरून तयार, फक्त सही राहिली होती. नवऱ्यामागं तिनं एकटीनं चालवलेलं कापडाचं दुकान गुडघे धरल्यावर विकलं होतं. त्याचे आलेले पैसे हेच आता तिचं म्हातारपण होतं. मुलगी अंजू निलंग्याला शिक्षिका, पण लेकीच्या दारात हात पसरायचा नाही, हे अक्कानं कधीच ठरवून टाकलं होतं.

"बाकीचे बहुतेक ठेवीदारांचे," पंचाक्षरी म्हणाला.

"मग बँकेचं सोताचं काय?"

"थोडं भागभांडवल असतंय, गंगाजळी असती. अक्का, तू सहीचं बघ. दुपार व्हायली."

दुपारची त्याला घाई होती. दुपारी बँकेचा साहेब तारण माल तपासायला येणार होता. मिल दिवाळीपासून बंद होती. बँकेनं त्याचं जुनं कर्ज फिटलं असं दाखवून त्याच दिवशी नवं द्यायचं, असं करत दोन मार्च निघाले होते. यंदा बँकेच्या चेअरमननं चहा पाजून सांगितलं होतं, "पंचाक्षरीअप्पा, तुमचं आम्ही बघतो, आमचे रोखे तुम्ही बघा. घरचे, पाहुणे, कुणी असतील की." साठा दाखवायचं काम सोपं होतं. चन्नबसप्पा आडत्याच्या गोदामातून पोती पहाटे ट्रकनं आली होती आणि साहेब गेला की परत जायची होती. बाजारात हे कुणाला नवं नव्हतं. गेल्या साली पंचाक्षरीचीच पोती दुसऱ्याच्या मिलमध्ये उभी राहून आली होती. साहेबाची जीप दिसली की ग्यानोबा हमाल मोटर चालू करणार होता. जात्यात दाणा नसला तरी आवाज तोच येतो.

सगळं जुळलं होतं आणि अडलं होतं ते अक्कापाशी.

"मालमत्ता म्हंजे ती चौकातली काचंची इमारत का?" तिनं विचारलं.

"इमारत किती, चिमूटभर! खरी मालमत्ता म्हंजे बँकेनं लोकांना दिलेली कर्जं."

"दिलेला पैसा तर गेला. ती मालमत्ता कशी?"

"गेला न्हाई, येणं हाय ते!" पंचाक्षरीचा आवाज चढला. कपाळावरची विभूती घामानं भिजून भुवईवर आली होती. "तू दुकानात उधारी देत हुतीस का न्हाई? ती येणंच धरत हुतीस ना?"

"धरत हुते. पण देशमुखाच्या सुनंची उधारी मी दुसऱ्याच वर्षी सोडून दिली. ती येणार न्हाई, ठावं हुतं."

"बँकेला तसं सोडता येत न्हाई."

"मग येणार न्हाई ते बी शंभरातच धरायलेत?"

"धरायलेतच की! न्हाई धरलं तर शंभराचे पन्नास होतील. मग हेच सात पन्नासाला पडतील, म्हंजे शंभराला चौदा. बँक बुडाली तर तुझ्या रोख्यांचे पैसे सगळ्यात शेवटी. आधी ठेवीदार, मग तुम्ही. दहा वर्सं मोडता बी येत न्हाईत. आता तरी कळलं का?"

संतापाच्या भरात तो बोलून गेला आणि मग त्यालाच ते ऐकू आलं. दारावरच्या शंभराकडं तो बघत राहिला. इतका वेळ तो अक्कावर वैतागला होता. पण अक्का काय चुकीचं विचारत होती? काहीच नाही. हेच प्रश्न त्यानं दोन वर्षांत स्वतःला विचारले नव्हते, आणि आता त्याला स्वतःचाच मनस्वी राग आला.

अक्का मात्र शांत होती. तिचा आता एकच प्रश्न उरला होता.

"तुझं कर्ज बी त्या शंभरात हाय?"

"हाय."

तिनं मान वळवून छतापर्यंत लागलेली थप्पी पाहिली. ज्या पोत्यावर बसली होती, त्यावर दोनदा थापटलं.

"मग कशाचं भ्याव! हातच्या काकणाला आरसा कशाला? आपल्या वडलांच्या वक्ताला बी इतका माल नव्हता बघ. तुझ्यासारखे असले तर बँक कशी बुडंल?" तिनं पिशवीतून अर्ज काढला, मांडीवर सरळ केला आणि पेनाचं टोपण दातात धरून ओढलं. "कुठं करू सही? इथं?"

पंचाक्षरीनं बोट पुढं केलं. ते अर्जापर्यंत गेलंच नाही.

"अक्का."

"हाव."

"ही पोती चन्नबसप्पाची हायेत. सांजच्याला परत जायलेत."

अक्कानं त्याच्याकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून ती हळूच उठली. तिच्या बसण्यानं चुरगळलेलं पोतं तिनं हातानं नीट केलं, परक्याच्या घरची चादर सारखी करावी तसं. पेनाला टोपण लावलं.

"एवढंच हुतं," ती म्हणाली, "तर सकाळपासून सात आन् शंभर कशाला करायलास रे?"

तिच्या आवाजात राग होता की माया, त्याला ओळखता आलं नाही. तो काही बोलणार, इतक्यात गेटवर जीपचा हॉर्न वाजला. मोटरच्या खटक्यावर हात ठेवून ग्यानोबा आतून ओरडला, "मालक, करू का चालू?"

अक्का खुर्ची ओढून तिच्यावर बसली होती. पिशवी तिनं छातीशी धरली होती आणि ती भावाकडंच बघत होती.

"राहू दे," पंचाक्षरी म्हणाला. "गेट उघड."