व्याह्यांची छत्री

आमचे व्याही पितांबर आबा हल्ली ज्या लग्नाला जातात, त्या लग्नात जेवणाआधी माझी बदनामी करतात. जेवणानंतरही करतात, पण तेव्हा ऐकणाऱ्याच्या तोंडात सुपारी असते, म्हणून कुणी मनावर घेत नाही. म्हणतात, "शिंदखेड्याची धुरपदाबाई, आमची विहीण, भर दवाखान्यात माझ्याशी तोंड वर करून बोलली. पदर मागे सारून बोलली." हे खरं आहे. मी बोलले. का बोलले, ते मात्र आबा सांगत नाहीत. नेमकं तेव्हाच त्यांना पंगतीचं बोलावणं येतं.

तर ते मी सांगते. माझी शाळा चौथीच्या अलीकडेच संपली, तरी अक्षराला अक्षर लावता येतं. ज्याला वाचायचं नसेल त्यानं आबांकडून ऐकावं.

आमच्याकडे विहीण व्याह्याशी समोरासमोर बोलत नाही. व्याही आले की पदर पुढे, तोंड भिंतीकडे, आणि जे बोलायचं ते तिसऱ्याला सांगायचं. "वना, विचार त्यांना, चहा घेतील का." वना माझा मुलगा. व्याही चार हातांवर बसलेले असतात, त्यांना पहिल्यांदाच ऐकू गेलेलं असतं, तरी वना पुन्हा विचारतो, आणि ते वनालाच सांगतात, "घेईन म्हणावं." वना नसला तर मी दाराला सांगते. एकदा अंगणात कुणीच नव्हतं, तेव्हा म्हशीला सांगितलं, की पाहुण्यांना म्हणावं, शेवटची बस निघेल आता. म्हशीनं निरोप नीट पोचवला. आबा लगेच उठले. माझी लेक ताईबाई त्यांच्या घरी दिल्यापासून आमचं बोलणं असंच चाललं आणि चांगलं चाललं. मध्ये कुणी असलं की शब्दाची धार जरा कमी होते.

आबांचं जळगावात पाइपांचं दुकान. शेती चोपड्याकडे, केळीची. माणूस वाईट नाही. खोड एकच, सगळ्यात पहिलं यायचं. गल्लीत रंगीत टीव्ही पहिला त्यांचा. एसटीडीचा बूथ पहिला त्यांचा. केळीला ठिबकही पहिलं त्यांचंच. त्या साली विहिरीला पाणी नव्हतं, पण ठिबक पहिलं होतं.

त्यांची नात, म्हणजे माझ्या ताईबाईची मुलगी कानू. श्रावणात घरात कानबाई देवी बसली होती त्याच रविवारी जन्मली, म्हणून कानू. दिसायला गोड, पण अंगानं काटकुळी. शाळेत मुली लंगडी खेळायच्या, ही दोन उड्या मारून धापा टाकत पायरीवर बसायची. आबा म्हणायचे, "शहरातली आहे, नाजूक असणारच." शहराचा आणि धापेचा काय संबंध, हे मी दाराला विचारलं होतं. दारानं उत्तर दिलं नाही.

मग शाळेत तपासणीला डॉक्टर आले. त्यांनी कानूच्या छातीला नळी लावली आणि काढीचनात. पुढे जळगावच्या मोठ्या डॉक्टरांनी यंत्रावर बघितलं. हृदयाचे वरचे दोन कप्पे असतात, त्यांच्यामधल्या भिंतीला भोक. जन्मापासूनचं. शुद्ध होऊन आलेलं रक्त त्या भोकातून पलीकडे जातं आणि पुन्हा फुप्फुसाकडेच वळतं. आता बुजवलं तर पोर चारचौघींसारखी जगेल, म्हणाले. राहू दिलं तर पुढे असा दिवस येईल, की बुजवूनही उपयोग नाही.

ताईबाईनं मला फोन केला, त्यांच्याच बूथवरून. ती रडत होती, आणि मागे आबा कुणाला तरी सांगत होते, "साधासुधा आजार नाही म्हटलं! मुंबईशिवाय इलाज नाही!"

मुंबईच्या दवाखान्यानं दोन रस्ते सांगितले. एक जुना. छाती उघडायची, तेवढ्या वेळापुरतं रक्त यंत्राकडून फिरवायचं, भोकाला ठिगळ लावून टाके घालायचे. दुसरा नुकताच आलेला. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, नळीतून तारेची मिटलेली छत्री पुढे सरकवायची, आणि ती भोकात गेली की भिंतीच्या दोन्ही बाजूंना उघडायची. कापणं नाही, टाका नाही, दोन दिवसांत घरी. कानूला कोणता रस्ता, ते भोक नीट पाहिल्यावर ठरवू, असं डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांचं ठरायचं होतं. आबांचं ठरलं.

त्यांनी घरी भाऊबंदांची बैठक बोलावली. विहिरीच्या पाळीवर ज्यांचं आजवर जमलं नाही, ते सगळे हृदयावर एकमत करायला बसले. आबांनी दुकानातून ठिबकची नळी आणली, तिला भोक पाडलं, आत पाणी सोडलं. पाण्याची चिळकांडी थेट झुलाल नानांच्या टोपीवर. मग आबांनी भोकात छोटं रबरी बूच दाबलं. पाणी थांबलं.

"झालं! आता मला सांगा, यासाठी नळी उभी चिरायची गरज काय?"

झुलाल नाना, आबांचे चुलतभाऊ, टोपी पिळत म्हणाले, "पन आबा, उन्हायामा बूच उडी जास ना. मंग?"

"नाना, हृदयात ऊन कुठून येणार?"

हे सगळ्यांना पटलं. मी वनाला घेऊन नातीसाठी आले होते, दाराआड बसले होते. म्हटलं, "वना, इचार त्यासले, पोर काय पाइप शे का?"

वनानं विचारलं. आबा म्हणाले, "सांग तुझ्या आईला, रक्त म्हणजे शेवटी पाणीच. जरा घट्ट."

"वना, म्हणावं, मग डॉक्टरांना कशाला त्रास? दुकानातच बसवून घ्या."

"वना, सांग आईला, मुलीची जात आहे. गळ्याखालून छातीभर व्रण राहिला, तर उद्या स्थळ येईल का?"

"वना, म्हणावं, स्थळ आलं तर पोर दाखवायला लागेल. ती आधी राहू द्या."

 बिचारा वना दोन्हीकडे मान फिरवून दमला.

मी टाक्यांच्या बाजूची झाले ती आबा छत्रीच्या बाजूचे झाले म्हणूनच. शिवाय मी गोधड्या शिवते, आणि माझं ठिगळ आजवर धुण्यात निघालेलं नाही. पुढे बरोबर निघालं, तेव्हा बाजू कशी निवडली हे कुणी विचारायचं कारण नाही.

व्रणाचं कारण चारचौघांत सांगण्यापुरतं होतं. खरं कारण मला ताईबाईनं सांगितलं. आबांनी एका बातमीदाराला घरी चहाला बोलावलं होतं, आणि दुकानासमोर लावायला कापडी फलक रंगवायला टाकला होता. त्यावर लिहायचं होतं, 'खान्देशातील पहिली छत्रीवाली कन्या'. खाली कानूचं नाव बारीक, आबांचं ठळक.

मुंबईला आम्ही सगळे गेलो. वॉर्डात कानूच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी पाय हलवत बिस्किटं खात होती. तिची आई सकीना, मुलगी शहजादी. आबांनी सहज विचारलं, "कुठले तुम्ही?"

"धुले के," सकीना म्हणाली. "बच्ची के दिल में छेद था. परसों छत्री बिठाई. कल घर जा रहे."

आबांचा चेहरा मी पदराच्या फटीतून पाहिला. पीक विमा नाकारल्यावर होतो तसा. ते बाहेर गेले, बराच वेळ फेऱ्या मारल्या, आणि परत येऊन वनाला म्हणाले, "धुळे जिल्हा वेगळा. जळगाव जिल्ह्यात पहिली म्हणू."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कानूला गुंगी देऊन घशातून नळी घातली आणि आतून भोक पाहिलं. मग आम्हाला खाटेजवळच बोलावून समजावलं. चांगला माणूस, घाई करत नव्हता.

"छत्रीला भोकाभोवती सगळीकडून काठ लागतो, तो धरून ती बसते. शहजादीचं भोक लहान, मधोमध, काठ चांगला. तिला छत्रीच योग्य होती. कानूचं मोठं आहे, आणि एका बाजूला काठच नाही. छत्री सुटली तर रक्ताबरोबर वाहत जाईल, मग घाईघाईनं छाती उघडावी लागेल. टाक्यांचं ऑपरेशन आम्ही वर्षानुवर्षं करतोय. धोका त्यातही आहे, नाही असं मी म्हणणार नाही. जास्त दिवस राहावं लागेल, व्रण राहील. पण हिच्यासाठी सुरक्षित तेच."

आबा म्हणाले, "मग मोठी छत्री आणा."

"छत्री मोठी केल्यानं काठ उगवत नाही, काका."

"परदेशातून मागवा. मी थांबतो."

"तुम्ही थांबाल. फुप्फुसं थांबणार नाहीत."

"ठीक आहे. दुसऱ्या दवाखान्यात कुणीतरी बसवेलच."

"बसवेलही," डॉक्टर म्हणाले. "तीच भीती आहे मला."

संमतीच्या कागदावर बापाची सही लागणार होती. भिकनराव, माझे जावई, हातात पेन धरून उभे होते. भला माणूस, पण बाप समोर असला की त्यांचा कणा रजेवर जातो. ते म्हणाले, "आबा म्हणतील तसं." आबा म्हणाले, "सामान बांधा. पुण्याला बघू." ताईबाई डोळे पुसत कानूचे फ्रॉक घडी करायला लागली. गुंगी पुरती न उतरलेली कानू एकेका फ्रॉककडे बघत होती.

मला बोलायचं होतं आणि सांगायला कुणी नव्हतं. वना खाली चहा आणायला गेलेला. भिंत होती, पण ती दवाखान्याची, आमच्या ओळखीची नाही. मी पदर मागे सारला.

"पितांबर आबा."

 घरी जायला निघालेल्या सकीनानं बिस्किटाचा पुडा खाली ठेवला. आबांनी मागे वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणी हाक मारली असावी म्हणून.

"ती पिशवी खाली ठेवा. पोर पुण्याला जाणार नाही. भोकाला काठ नाही, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं. ते कळायला पाइपांचं दुकान लागत नाही. भिकनराव, सही करा. तुमच्या बापाचं नाव नाही मागितलं, पोरीच्या बापाचं मागितलंय."

"विहीणबाई," आबा कसेबसे म्हणाले, "तुम्ही माझ्याशी बोलताय?"

"मग काय खाटेशी?"

भिकनरावांनी सही केली. अक्षर वाकडं आलं, पण आलं.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये वना. आत माझ्या नातीची छाती उघडलेली. गोधडीच्या ठिगळाची बढाई मी मारली असेन, पण त्या बाकावर माझ्या हातून साधी गाठही बसली नसती. मध्येच आबा हळूच म्हणाले, "वना, विचार त्यांना, पाणी हवं का." मी म्हटलं, "हवं म्हणावं." त्यांनी पेला पुढे केला, तेव्हा त्यांच्या हातून अर्धं पाणी वनाच्या मांडीवर सांडलं. तेवढ्यापुरता मला त्यांचा राग आला नाही.

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, ठिगळ बसलं, हृदय आपलं आपण चालू झालं. 

कानू पुष्कळ दिवस दवाखान्यात राहिली. खोकली की उशी छातीशी धरायची आणि आम्हाला शिव्या द्यायची. मग घरी आली, मग शाळेत गेली. आता तिचा व्रण ती मैत्रिणींना दाखवते, आणि जी आपलं चॉकलेट देईल तिलाच हात लावू देते. फलक रंगाऱ्याकडेच पडून आहे.

आणि परवा धुळ्याला लग्न होतं. मांडवात आबा झुलाल नानांना घेऊन बसलेले. मी बायकांच्या बाजूला, पण ऐकू येईल एवढ्याच अंतरावर, आणि आबांनाही ते माहीत. मोठ्यानं म्हणाले, "नाना, सांगा विहीणबाईंना, रीत म्हणून काही असते. बाईमाणसानं भर दवाखान्यात! पुण्याला बसलीही असती छत्री. आणि सांगा, पोरीला गळाबंद फ्रॉक घाला, लोक बघतात."

कानू तेव्हा मांडवाच्या खांबाभोवती मुलींबरोबर पळत होती. नाना माझ्याकडे वळले, निरोप द्यायला तोंड उघडलं. मी उठले, पुरुषांच्या बैठकीत गेले आणि आबांच्या पुढ्यात उभी राहिले.

"आबा, नानांना मध्ये घालू नका, त्यांना कमी ऐकू येतं. तुम्हाला नात पहिली यायला हवी होती, मला ती परत यायला हवी होती, म्हणून मी बोलले. पुन्हा तशी वेळ आणाल तर पुन्हा बोलेन, आणि तेव्हा पदर सारायला लागला तेवढाही वेळ लावणार नाही."