नाव नसलेल्या पाळकाची वेबसाइट

माझा नवरा याच गावात चोवीस वर्षं प्रवचन करतोय आणि इंटरनेटला त्याचा पत्ता नाही. आमच्या गल्लीतल्या हमामखान्याचं कुत्रं इंटरनेटवर आहे. समोरची तळलेल्या कोंबडीवाली आहे, तिच्या मसाल्यावर लोक पानंच्या पानं लिहितात. पण कोरियातल्या या कुनसान बंदराजवळ, टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावरच्या 'पहाटतारा' मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक मेंग की-टेक कोण, असं विचारलं की यंत्र मुकं होतं.

नुसतं मुकं झालं असतं तरी चाललं असतं. आमची जागा आधी कराओकेची होती. 'पहाटतारा कराओके'. आम्ही ती भाड्याने घेतली तेव्हा पाटी धडधाकट होती, म्हणून आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, छा यांनी नुसता शेवटचा शब्द पुसून तिथे 'मंडळी' रंगवून घेतलं. छा वडील म्हणजे खालच्या टायरच्या दुकानाचे मालक. त्यांच्या दुकानाची वेबसाइट आहे, तिच्यावर त्यांचे टायरला मिठी मारलेले फोटो आहेत. पाटी बदलली, पण इंटरनेटच्या नकाशावर जाऊन बदल करायचं कुणाला सुचलं नाही. तिथे अजून कराओकेच आहे आणि लोक अजून शेरे लिहितात. एकाने लिहिलंय, रविवारी सकाळपासून गाणं चालू असतं, आवाज बरे आहेत, पण माइक एकच माणूस धरून बसतो. दुसऱ्याने लिहिलंय, बिअर मागितली तर जवाचा चहा आणून दिला, बाई रागीट. ती बाई मी.

मी रागीट आहे आणि मला कारणं आहेत. पाळकाच्या बायकोला आमच्याकडे हुद्दा नसतो, पगार नसतो, मत तर नसतंच. तिने पेटी वाजवायची, साठ माणसांचं सार रांधायचं आणि हसायचं. हसणं मला जमलं नाही. बाकीचं केलं.

तर हे सगळं असंच चाललं असतं, पण आमच्या सेबोमचं लग्न ठरायला आलं. सेबोम आमची एकुलती एक, सोलला दाताच्या दवाखान्यात काम करते. मुलगा ते-ग्यू, देगूचा, साधा, जेवताना आवाज न करणारा. तो माझ्या पोरीकडे बघतो तेव्हा आपण काय बोलत होतो ते विसरतो. मला एवढं पुरे होतं. त्याच्या आईला पुरे नव्हतं. बांगबाई देगूच्या एका मोठ्या मंडळीत ज्येष्ठ सेविका. दोन्ही घरांची भेट ठरायच्या आधी तिने आमच्या पाळकसाहेबांचं नाव इंटरनेटवर शोधलं. काहीच मिळालं नाही. मग पत्ता शोधला. कराओके मिळालं.

तिने मला फोन केला. आवाज गोड होता, पण त्या गोडव्याखाली सुरी होती. कुठल्या पाठशाळेत शिकले, दीक्षा कुणी दिली, एखादं प्रवचन ऐकायला मिळेल का, असं सगळं विचारलं. मी म्हणाले, आमचे पाळकसाहेब प्रवचन ध्वनिमुद्रित करू देत नाहीत. मंडळीच्या साप्ताहिक पत्रकातून स्वतःचं नाव काढतात, त्या जागी 'अयोग्य सेवक' असं छापतात. मला वाटलं होतं, ऐकून तिला कौतुक वाटेल. ती म्हणाली की तिची धाकटी बहीण अशाच एका अयोग्य सेवकाच्या मागे घर सोडून गेली. त्याचंही नाव कुठे नव्हतं, फोटो नव्हता, दुसऱ्या मजल्यावर एक खोली होती. बहीण अजून परत आलेली नाही.

राग आला होता, पण तो ठेवायला जागाच सापडेना.

रात्री सेबोमचा फोन आला. रडत नव्हती. ती रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आई, त्यांच्या घरात सगळ्यांना वाटतंय की बाबा भोंदू पंथाचे आहेत. ते-ग्यू आईशी भांडतोय. मला अशा भांडणातून लग्न नको. बाबांना सांग, जगाला दिसतील असे एकदा उभे राहा."

मी जेवणाच्या टेबलावर विषय काढला. पाळकसाहेब माशाचे काटे काढत होते. त्यांचं म्हणणं ठरलेलं. नाव प्रभूचं मोठं व्हावं, सेवकाचं पुसलं जावं. स्वतःचा फोटो लावून या, मला बघा असं म्हणणं हे टायरवाल्याला शोभतं. मी म्हटलं, तुम्ही नाव पुसलंत म्हणून तुमची जागा रिकामी राहिली नाही. तिथे कराओके येऊन बसलंय. आपण आपल्याबद्दल नाही लिहिलं की दुसरे लिहितात, आणि ते काय लिहितील ते त्यांच्या हातात. आजारी पडलेला माणूस, घर सोडून आलेली बाई, रात्री झोप न येणारी एखादी पोर, अशी माणसं आधी फोनवर शोधतात आणि मग पाय उचलतात. त्यांना तुम्ही सापडत नाही. सापडतो तो माइक धरून बसणारा माणूस.

ते म्हणाले, "लोक मला नाही, त्याला शोधताहेत."

मी म्हटलं, "मग त्याच्याकडे जायचा जिना दाखवायला तरी कुणीतरी दारात दिसायला हवं की नको? लपून बसणं हीसुद्धा ऐटच आहे, अहो. फक्त स्वस्तातली."

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग पोरीसाठी तयार झाले. अट एकच, नाव नाही आणि फोटो नाही. सेबोमने सोलहून वेबसाइट बनवून दिली. वर समुद्रावरचा सूर्योदय. खाली हाताने लिहिलेल्या प्रवचनांचे उतारे. तळाशी 'एक अयोग्य सेवक'. पाळकसाहेबांना ती फार आवडली. मंडळीत मोठ्या पडद्यावर दाखवली, म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. छा वडील म्हणाले, टायरवाल्या साइटपेक्षा शालीन आहे. मलाही बरी वाटली, हे कबूल करते. एवढ्या सगळ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण काय करून ठेवलंय.

बांगबाईच्या डोक्यात आलं. तिने ती बघितली आणि त्याच संध्याकाळी मुलाला सांगितलं की आता तिला शंका उरलेली नाही. बहिणीला नेणाऱ्याच्या पत्रकावरही सूर्योदयच होता.

पुढच्या रविवारी आमच्याकडे एक नवी बाई आली. राखाडी कोट, केस नीट कुरळे केलेले, मागच्या बाकावर. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक गाणं तिला पाठ, बरोबर जागी आमेन. प्रवचन चालू असताना लिहून घेत होती. उपासनेनंतर सोयाबीनच्या मोडांचं सार वाढलं तर दोन वाट्या जेवली, शेजारच्या बायकांना त्यांची नावं विचारली, पाळकसाहेबांचं मूळ गाव विचारलं आणि कुणी सांगायच्या आत रबरी हातमोजे चढवून भांडी घासायला उभी राहिली.

इथे छा वडिलांचे कान उभे राहिले. विभागातल्या मंडळ्यांच्या सभेने त्यांना भोंदू पंथांचे घुसखोर कसे ओळखायचे याचं शिक्षण दिलं होतं. घुसखोर फार गोड बोलतो, सगळी गाणी त्याला येतात, प्रश्न विचारतो, आणि पहिल्याच दिवशी भांडी घासतो. खरा नवा माणूस कधी भांडी घासत नाही, तो जेवून पळतो. छा वडिलांनी आमच्या दारावर स्वतःच्या हाताने सूचना चिकटवली होती, भोंदू पंथवाल्यांना प्रवेश नाही. आज त्या सूचनेला काम मिळालं होतं.

ते स्वयंपाकघराच्या दारात हात पसरून उभे राहिले. बाहेर जायची दुसरी वाट नव्हती. मी आत पातेलं पुसत होते.

"बाईसाहेब, आपण कुठल्या मंडळीतून आलात?" त्यांनी विचारलं.

"आधी तुम्ही सांगा, ही कुठली मंडळी आहे," ती बाई मागे न वळता म्हणाली. "पाटीवर एक, नकाशावर दुसरंच, आणि वेबसाइटवर तर माणूसच नाही."

छा वडिलांनी विचारलं की तिला पाठवलं कुणी. तिने विचारलं की त्यांना इथे कोण बांधून ठेवतं. तिचा कोणता पंथ, असं त्यांनी विचारलं, तिने पंथ सांगितला, सभेचं नाव सांगितलं, स्वतःच्या पाळकाचं नाव सांगितलं. मग म्हणाली, आता तुमच्या पाळकाचं सांगा. छा वडील अडखळले. पत्रकात 'अयोग्य सेवक' वाचून वाचून त्यांना पाळकसाहेबांचं पूर्ण नाव चटकन आठवेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मंडळीचे वडील, आणि त्यांना स्वतःच्या पाळकाचं नाव येईना. बाईचा चेहरा पांढरा पडला.

तेव्हा मला तो आवाज ओळखू आला. फोनवरचा, देगूचा, गोडव्याखाली सुरी असलेला. पातेलं हातातून पडलं.

आवाज ऐकून पाळकसाहेब आले. मी म्हटलं, ही ते-ग्यूची आई. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. ती वाकली नाही. हातमोजे काढून ओट्यावर ठेवले.

"मी माझा मुलगा इथे द्यायचा की नाही ते बघायला आले," ती म्हणाली. "प्रवचन चांगलं होतं. त्या माणसाचंही चांगलंच असायचं. तुमचं नाव तुम्ही का लपवता, तेवढं मला सांगा. देवाचं नाव मध्ये न आणता सांगा."

मला वाटलं, आता नम्रतेवर भाषण येणार. छा वडिलांनाही वाटलं असावं, त्यांनी भक्तिभावाने डोळे मिटले.

पाळकसाहेब खुर्चीवर बसले. म्हणाले, "तरुणपणी मी जॉन्जूच्या एका मोठ्या मंडळीत साहाय्यक होतो. बरं बोलायचो. एकदा त्यांनी श्रद्धा जागवायच्या संजीवन सभेसाठी इमारतीवर माझा फलक लावला, चार मजली. मी रोज वाकडी वाट करून बसने जायचो, फलक दिसावा म्हणून. एके दिवशी वाऱ्याने तो सैल झाला आणि माझं तोंड दुमडलं. झाडलोट करणारे म्हातारे गृहस्थ होते, मी त्यांच्यावर सगळ्यांदेखत ओरडलो. त्यांनी माझी माफी मागितली. मग मी वर जाऊन प्रवचन केलं, लोक रडले. ती मंडळी मी सोडली. तेव्हापासून मला माझ्या फोटोची भीती वाटते. नम्रता वगैरे काही नाही. भीती आहे."

मी त्या माणसाबरोबर चोवीस वर्षं एका छताखाली राहिले. मला सांगितलं होतं की जॉन्जू सोडलं ते हाक आली म्हणून. मला त्याच पातेल्याने त्यांचं डोकं फोडावंसं वाटलं, आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसावंसंही वाटलं. मी उभीच राहिले.

बांगबाई म्हणाली, "माझ्या बहिणीला ज्याने नेलं, तो स्वतःबद्दल खूप बोलायचा. पण असं कधी नाही बोलला. असं बोलता येत असतं तर तो तो झालाच नसता." मग पर्समधून चष्मा काढला. "हे लिहा. त्या सूर्योदयाच्या जागी. नावासकट, पाठशाळेसकट, त्या म्हाताऱ्या गृहस्थांसकट. माझ्या बहिणीसारखी कुणी शोधत येईल, तेव्हा तिला खरं कुणीतरी सापडू दे."

पाळकसाहेब म्हणाले, लिहितो. फोटोचं मात्र बघू. त्यावर आम्ही दोघी एकदमच म्हणालो की फोटो आत्ता.

छा वडील खालून टायरचे फोटो काढायचा कॅमेरा घेऊन आले. पाळकसाहेबांना खिडकीशी उभं केलं. पहिल्या फोटोत डोळे मिटले, दुसऱ्यात हनुवटी वर, जणू लढाईला निघालेत. तिसऱ्यात त्यांनी प्रार्थनेला जोडतात तसे हात जोडले आणि छा वडिलांनी ते सोडवले. मी शिव्या देत होते. टाय वाकडा होता आणि कुणी नीट करत नव्हतं.

बांगबाई पुढे झाली आणि तिने स्वतःच्या हाताने तो सरळ केला. आमच्याकडे मुलाची आई मुलीच्या बापाला हात लावत नाही, चार हातांवरून वाकते. पाळकसाहेब खांबासारखे ताठ झाले. ती दोन पावलं मागे गेली, मान तिरकी करून बघितलं.

"आता इकडे बघा," ती म्हणाली, "आणि श्वास सोडा, व्याही."