पुसलेला ठिपका

मुलांनो, जरा एक डोळा मिटा. दुसऱ्या डोळ्यासमोर मूठ धरा आणि मुठीत बारीकसं भोक ठेवा. आता त्यातून बघा. एक अरुंद खोली आहे. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी. दाराला पाठ टेकून एक मुलगी उभी आहे. दिसली? धुरकट दिसत असेल तर असू दे. हळूहळू नीट दिसेल. घाई केली की फोटो हलतो.

तिला घरात भिंगरी म्हणत, कारण तिच्या पायाला भिंगरीच होती. एका जागी ती वर्षातून एकदाच उभी राहायची, आपल्या वाढदिवसाला, ह्या दाराशी. समोर खिडकीपाशी कोपरा उडालेली एक फरशी होती. तिच्यावर आई कॅमेरा घेऊन उभी राहायची. आईला जाड चष्मा होता. चष्म्यासकट कॅमेऱ्याला डोळा नीट लागत नसे आणि चष्मा काढला की समोरचं सगळं धुकं. म्हणून तिने एक युक्ती केली होती. लेन्सला एक कडं असतं. ते फिरवलं की कधी जवळचं स्पष्ट होतं, कधी लांबचं. त्या कड्यावर आईने नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. ठिपका कड्याशेजारच्या रेघेसमोर आणायचा आणि त्या फरशीवर उभं राहायचं. मग दाराशी उभी असलेली भिंगरी पापण्यांसकट स्पष्ट येणार म्हणजे येणार.

"मिशा सरळ कर!" आई म्हणायची. भिंगरीला कुठल्या आल्या मिशा? ती खुदकन हसायची, आणि खट्!

असे दहा फोटो भिंतीवर ओळीने लावलेले होते. अकरावा वाढदिवस गुरुवारी होता. आई जाऊन सात महिने झाले होते.

बाबा लिफ्ट दुरुस्त करत. दिवसभर माणसांना वर-खाली नेणारी यंत्रं सांभाळून ते घरी आले की त्यांच्यात बोलायची ताकद उरत नसे. "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "झाला." एवढ्यावर घर गप्प व्हायचं. मग नळ ठिबकत असला तर तोही ऐकू यायचा.

सोमवारी भिंगरीने कपाट उघडलं. कॅमेरा होता, पण लेन्सच्या जागी काळं झाकण बसवलेलं होतं.

"बाबा, लेन्स कुठाय?"

"दिली विकून." बाबा बुटाची नाडी सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. "पडून पडून बुरशी धरली असती. लेन्सला बुरशी धरते."

"मग कॅमेरा का नाही दिला?"

"तो फार जुना आहे, जुन्या लेन्सवाला नको म्हणाला."

"मला विचारलं पण नाही तुम्ही."

बाबांनी बूट कोपऱ्यात सरकवले. "जेवलीस?" त्यांनी विचारलं.

बंद कपाटात लेन्सला बुरशी धरते, हे अगदी खरं आहे, मुलांनो. बाबांनी फक्त पुढचं सांगितलं नाही. कपाट उघडलं की ती लेन्स त्यांच्याकडे बघायची, आणि त्यांना ते सोसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कॅमेरा दप्तरात घालून भिंगरी जुन्या लेन्सच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक काचेचं कपाट, एक दिवा, एक उंच स्टूल. दुकानदाराला सगळी मुलं फुंकरकाका म्हणत, कारण तो कुणाला फुंकर मारू देत नसे. "तोंडाने नाही! थुंकी उडते!" असं ओरडून तो रबरी फुगा दाबायचा आणि काचेवरची धूळ उडवायचा.

"काका, तुमच्याकडे ठिपक्याची लेन्स आहे का?"

"ठिपके बिबट्याला असतात, बाळ. माझ्या लेन्सवर एक जरी ठिपका सापडला, तर मी दुकान बंद करून तुझ्या वर्गात येऊन बसेन."

"लाल होता. नेलपॉलिशचा. लेन्सच्या कड्यावर."

"हात्तिच्या! तो होय!" फुंकरकाकाचा चेहरा खुलला. "चिवट होता गं. स्पिरिट लावलं, कापूस लावला, शेवटी काडीने हळूहळू खरवडला. अख्खी सकाळ गेली." त्याने कपाटातून एकासारख्या एक पाच लेन्स काढून कापडावर ओळीने मांडल्या. "ह्यांच्यातलीच एक. खूण शोधून दाखव. नव्यासारखी! लोक घाबरत घाबरत येतात, जुनी घेऊ का नको म्हणत. हातात घेतली की म्हणतात, ही जुनी कुठली?"

भिंगरीने पहिली लेन्स उचलली. मग दुसरी. कडं फिरवलं, बोट फिरवलं, नाकाशी धरली. पाचही लेन्सना स्पिरिटचाच वास होता.

फुंकरकाकाचं हसू हळूहळू मावळलं. "कुणाचा होता गं तो ठिपका?"

"आईचा."

त्याला पुढचं विचारावं लागलं नाही. त्याने हातातला फुगा खाली ठेवला.

"ह्यांच्यावर नंबर असतो ना?" भिंगरी म्हणाली. "बाबांची कोणती, ते तुम्ही लिहून ठेवलं असेल."

"लिहिलाय." तो कान खाजवत म्हणाला. "पण नंबर असतो पुढच्या कड्यावर. आणि मी ह्या पाचही एकदम खोलल्या होत्या. जिचं कडं झिजलं तिला दुसरीचं, जिची काच खराब तिला तिसरीची. अशा सगळ्या जुळवून चांगल्या केल्या. आता तुझ्या आईची लेन्स..." त्याने पाचही लेन्सवरून हात फिरवला. "थोडी थोडी सगळ्यांत असेल."

"किंवा एकीतही नसेल."

"किंवा एकीतही नसेल," तो म्हणाला. मोठी माणसं अशा वेळी काहीतरी गोड बोलून टाकतात. त्याने ते केलं नाही, हे मला आवडलं.

बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली. भिंगरी स्टुलावर बसून राहिली. फुंकरकाकाने तिच्यासमोर पहिली लेन्स सरकवली. "ही ने. सगळ्यांत स्वच्छ."

"त्या टोकाच्या लेन्समध्ये काहीतरी आहे."

"ते? काचेच्या आत एक कण अडकलाय. तो काही निघत नाही. फोटोत दिसत नाही, पण विकायला आडवा येतो."

"तुमच्याकडून पण निघाला नाही?"

"मी हात टेकले त्याच्यापुढे."

"मग हीच द्या."

त्याने वाद घातला नाही. लेन्स कॅमेऱ्यावर बसवली, रीळ घातलं आणि म्हणाला, "आठ दिवस वापर. आमच्याकडची रीतच आहे, जुनी वस्तू वापरल्याशिवाय कळत नाही. बाबांना सांग, नंतर येऊन भेटायला."

गुरुवार आला. संध्याकाळी खिडकीतून पिवळं ऊन थेट दारावर पडलं होतं. बाबा किल्ली फिरवून आत आले आणि तिथेच थांबले. खिडकीपाशी, कोपरा उडालेल्या फरशीवर, भिंगरी कॅमेरा घेऊन उभी होती.

"ही लेन्स..." बाबा म्हणाले.

"कदाचित थोडीशी आईची. काका म्हणाले, तुम्ही येऊन भेटा."

बाबांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली. हात पँटला पुसले. "आण इकडे, फोटो मी काढतो. तू दाराशी उभी राहा. वाढदिवस तुझा आहे."

"मी तिकडे उभी राहिले, तर इथे कोण राहणार?"

बाबांनी तिच्या पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. ते दाराला पाठ टेकून उभे राहिले. आपले हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

भिंगरीने कॅमेऱ्याला डोळा लावला. बाबा धुरकट होते. तिने कडं हळूहळू फिरवलं. आधी शर्टाची बटणं स्पष्ट झाली, मग कपाळावरची ग्रीसची रेघ, मग डोळे. आईने काढलेल्या त्या फोटोंकडे न बघण्यासाठी ते सात महिने मान खाली घालून वावरत होते. ते डोळे तिने इतक्या जवळून कितीतरी दिवसांनी पाहिले.

तिने खटका दाबला नाही. आधी कॅमेरा जपून टेबलावर ठेवला, खिशातून आईची नेलपॉलिशची बाटली काढली, घट्ट बसलेलं झाकण दातांनी फिरवलं आणि कड्यावर, रेघेच्या बरोबर समोर, एक लाल ठिपका लावला. ओलाच होता तो. सवयीने तिने फुंकर मारायला तोंड पुढे केलं, आणि मग मागे घेतलं. तो आपोआप वाळेपर्यंत दोघं तशीच उभी राहिली, एक दाराशी, एक खिडकीशी.

मग तिने कॅमेरा परत उचलला.

"बाबा," ती म्हणाली, "मिशा सरळ करा."

बाबांना खऱ्याच मिशा होत्या. त्यांचा हात आपसूक वर गेला, आणि भिंगरीने खटका दाबला.