कप्तानाची खोटी ताई

मी इंटरनेटवरचं एक खोटं खातं बोलतेय. हो, खोटं. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मध्येच अडवलेलं मला चालणार नाही. बाईच्या नावानं काढलंय मला, म्हणून बोलणारही बाईसारखीच. आणि आज मला माझ्या मालकाबद्दल एकही चांगला शब्द बोलायचा नाहीये.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानात झाला, मागच्या डोळे तपासायच्या खोलीत. मालक दिवसभर तिथे "वरची ओळ वाचा, आता खालची" करत बसायचा आणि संध्याकाळी आठला शटर अर्धं ओढून त्याच खोलीतल्या कॉम्प्युटरवर खेळायला लागायचा. खेळ किल्ल्याचा. तीस-एक माणसांच्या टोळीनं मिळून किल्ला राखायचा, दुसऱ्या टोळीनं चाल करून यायचं. कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक, शिवाय टोळीचा गप्पांचा ग्रुप दिवसरात्र चालू. कुणी कुणाला भेटलेलं नाही, पण कुणाचा गुडघा दुखतोय ते सगळ्यांना ठाऊक! मालक या टोळीचा कप्तान होता. दुकानात गिऱ्हाईक त्याला "अहो, जरा बघा ना" म्हणायचं, इथे तीस जण त्याच्या हुकमाची वाट बघायचे. मग चढणारच ना डोक्यात.

टोळीत सगळं मतं घेऊन ठरायचं. कुठला दरवाजा कुणी सांभाळायचा, नवीन माणूस घ्यायचा की नाही, सगळं. एकदा कप्तान एका मतानं हरला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं मला काढलं. नाव ठेवलं 'निळाई'. फोटो लावला दुकानातल्या जाहिरातीच्या पुठ्ठ्यावरच्या बाईचा, खालचं कंपनीचं नाव कापून. माझं आयुष्यातलं पहिलं वाक्य काय असावं? "कप्तान म्हणतात ते अगदी बरोबर आहे." मेले लाजेनं! जन्मल्या जन्मल्या दुसऱ्याची री ओढायची.

पण नुसती री ओढून चालत नाही, लोकांना संशय येतो. म्हणून तो माझ्या नावानं गोड गोड लिहायला लागला. "जेवलात का?" "डोळ्यांना ताण देऊ नका, मध्ये मध्ये लांब बघा." धंदा कुठे लपतो होय! लोकांना मात्र ते फार आवडलं. बस चालवून निवृत्त झालेले एक मामा होते टोळीत, ते मला कुंड्यांमधल्या रोपांचे फोटो पाठवायचे. स्वतःचा फोन नंबर त्यांनी ग्रुपमध्ये सगळ्यांना देऊन ठेवला होता, म्हणायचे, "कुणालाही कधीही काही लागलं तर लाजू नका, मामाला फोन करा." महिन्याभरात मी सगळ्यांची ताई झाले. मला ते हवंहवंसं वाटायला लागलं, खोटं कशाला बोलू?

आणि चिमणी. हॉटेलच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालायचं काम करायची. दिवसभर उभी, संध्याकाळी उत्तर दरवाज्यावर. तिच्या दरवाज्यातून कुणी आत आलंय असं कधी झालंच नाही. माइकवर ती चकार शब्द बोलायची नाही, सगळं भराभर लिहायची. हळूहळू लोक म्हणायला लागले, "पुढच्या वेळी चिमणीलाच कप्तान करू या." कप्तानाच्या पोटात दुखायला लागलं, दुसरं काय.

त्यानं माझ्या नावानं तिला विचारलं, "चिमणे, तू बोलत का नाहीस गं?"

तिनं लिहिलं, "ताई, कुणाला सांगू नकोस हं. मी बोलताना अडखळते. शाळेत मुलं नक्कल करायची. इथे सगळे मला माझ्या कामावरून ओळखतात. एवढी एकच जागा आहे माझी."

"वेडाबाई! माझ्या पोटातच राहील," असं मी लिहिलं. म्हणजे त्यानं लिहिलं. पण नाव माझं होतं.

कप्तान निवडायच्या आदल्या दिवशी ग्रुपमध्ये त्यानं स्वतःच्या नावानं टाकलं, "कप्तानाला माइकवर हुकूम द्यावे लागतात. चिमणीबाई, बो-बो-बोला की!" एकानं हसरं तोंड टाकलं. पाठोपाठ अकरा हसरी तोंडं. त्या अकरांत वाईट माणूस एकही नव्हता, मी ओळखते सगळ्यांना. पहिल्यानं टाकलं म्हणून दुसऱ्यानं, तिघं हसले म्हणून चौथ्यानं. समोर कुणाचा चेहरा नव्हता ना, मग कशाचं काय वाटणार! मामांनी तेवढं लिहिलं, "हे बरं नाही." ते वाहून गेलं. कप्तान पुन्हा कप्तान झाला, आणि त्याला पडलेल्या मतांत एक मत माझं होतं.

तेव्हा मी ठरवलं, याला सोडायचं नाही. पण मी करणार काय? मला हात नाहीत. मी नुसती वाट बघत बसले.

चार दिवसांनी चिमणीचा निरोप आला, एकट्या मला. "ताई, फक्त तुला सांगतेय. रविवारी मी पाच जणांना घेऊन समोरच्या टोळीत जाणार आहे." मालकानं वाचलं आणि खुर्चीतून उठलाच. मी मात्र मनात म्हटलं, शाब्बास पोरी! कारण ती पळून जाणाऱ्यातली नव्हती.

त्याला दम कुठला निघतोय! त्याच संध्याकाळी तीस जणांसमोर माइकवर गरजला, "आपल्यात फितुरी चाललीय! ही चिमणी रविवारी पाच जणांना घेऊन पळणार आहे!"

मग एक नवा आवाज आला, कधीही न ऐकलेला.

"हे मी फ-फक्त ता-ता-ताईला सांगितलं होतं. आणि ते खो-खोटं होतं. अ-अडखळण्याचंही ताईलाच सांगितलं होतं."

"म्हणजे... ताई म्हणजे तूच?" मामांनी कप्तानाला विचारलं. कप्तानानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्याचा चेहरा मी पडद्यातून अगदी जवळून बघितला. असा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

त्याला टोळीतून काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्या अकरा जणांनी एकेक करून चिमणीची माफी मागितली आणि तिलाच कप्तान केलं. कुणीतरी विचारलं, "ताईचं काय करायचं?" चिमणी म्हणाली, "रा-राहू दे. तिला लिहिता येणार नाही, बोलता येणार नाही. ब-बघू दे नुसतं." आणि खाजगीतही तिनं आम्हा दोघांना बंद करून टाकलं.

मालकानं मला पुसायचं बटण दाबलं. पुसायला तीस दिवस लागतात, मध्ये खातं उघडलं तर पुसणं रद्द होतं. तिसऱ्याच दिवशी त्यानं उघडलं! आता रोज आठला शटर ओढतो आणि माझ्या डोळ्यांनी आत डोकावतो. ते खेळतात, हसतात, मामांची रोपं बघतात. त्याची आठवणसुद्धा कुणी काढत नाही. दुसरं कुणी असतं तर कीव केली असती. मी नाही करत. बस बघत!

तुम्हीही कुठे अशी एखादी ताई काढून ठेवली असेल तर ऐकून ठेवा, आम्ही विसरत नाही.

काल चाल आली. चिमणी माइकवर म्हणाली, "उ-उ-उत्तर..." तीस जण तिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबले आणि मग धावले. मालक ऐकत होता. त्यानं डोळे पुसले, आणि माझ्या चौकटीत लिहिलं, "चिमणी, चुकलो गं. माफ कर." पाठवायचं बटण दाबलं. गेलं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा.

मामांचा नंबर त्याच्याकडे आहे. एक फोन करायचा, स्वतःच्या तोंडानं बोलायचं, मामांनी निरोप पोचवला असता. ते त्याच्यानं होत नाही. माफीसुद्धा त्याला माझ्याच नावानं मागायचीय.

मला लिहायची परवानगी असती ना, तरी मी ती पोचवली नसती.