तामिमुंतने भर रमजानात उंबऱ्यावर खाल्लेली भाकरी

सुज्ञ वाचकहो, आमच्या मोरोक्कोतील रीफच्या डोंगरांत गांजाचे पीक निघते हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. परंतु त्याच झाडापासून बनलेल्या एका औषधासाठी तामिमुंत नावाच्या मुलीने आपल्या घराशी व गावाशी कसा उभा दावा मांडला, हे फारसे कोणास ठाऊक नाही. ती हकीकत मी येथे यथामती व क्रमवार निवेदन करणार आहे.

तामिमुंतला बालपणापासून आकडी येत असे. विहिरीवर, शेताच्या बांधावर, एकदा तर लग्नाच्या मांडवात, भर गाण्यात ती कोसळली होती. वडील वारल्यापासून घराचा कारभार धाकटे काका हद्दू यांच्या हाती होता. त्यांचे मत ठाम होते की पोरीला जिन्नाने धरले आहे. तिची आई रहमूना मात्र तिला घेऊन तेतुआन शहरातल्या दवाखान्यात गेली आणि तेथील डॉक्टरीणबाईंनी आकडीच्या जुन्या गोळीच्या जोडीला सीबीडीचे थेंब सुरू केले.

“म्हणजे गांजाच की!” रहमूना दचकून म्हणाली होती.

“झाड तेच, बाई. पण त्यात द्रव्यं पुष्कळ असतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एक डोकं गरगरवतं, ते या बाटलीत जवळजवळ नाहीच. हे दुसरं, यानं नशा येत नाही. हिच्या मेंदूतल्या पेशी एकदम ओरडायला लागतात ना, तेव्हा हिला आकडी येते. हे थेंब त्यांचा गलबला कमी करतात. नक्की कसा, ते आम्हीसुद्धा अजून शोधतोच आहोत.”

पहिले काही दिवस तामिमुंत बसल्या जागी पेंगू लागली. तेव्हा बाईंनी समजावले की गोळी आणि थेंब या दोहोंचा निचरा यकृतच करते. थेंबांनी ती वाट अडवली की गोळी रक्तात साचून राहते. त्यांनी गोळी कमी केली, यकृतासाठी रक्त तपासले, आणि दोन गोष्टी बजावून सांगितल्या. थेंब रोज तेलकट जेवणाबरोबरच घ्यायचे, आणि रोजा धरायचा नाही, कारण जागरणाने व उपासाने आकडी बळावते.

हिवाळाभर तामिमुंत क्वचितच पडली. सहकारी संस्थेच्या पीक वाळवण्याच्या शेडमध्ये तिला काम मिळाले. आणि मग रमजान आला.

आजाऱ्याला रोजाची सूट आहे हे आमच्या गावात कोणी नाकारीत नाही. परंतु ती सूट चार भिंतींआड, मान खाली घालून घ्यावी, असा येथील रिवाज आहे. रहमूनाने त्याहूनही बारीक वाट काढली. रोज सकाळी ती मुलीला मागच्या खोलीत नेई, दार लावी आणि नुसते थेंब जिभेवर सोडी.

“भाकरी?” तामिमुंत विचारी.

“औषध घेतलेलं कोणाला कळत नाही गं. भाकरी खाल्लीस तर तोंडाला वास येईल. शेडमधल्या बायकांना तू ओळखतेसच. संध्याकाळी पोटभर खा.”

दुसऱ्या आठवड्यात तामिमुंत शेडमध्ये कोसळली. तीन दिवसांनी पुन्हा. त्या संध्याकाळी हद्दूकाका इफ्तारच्या ताटावरच कडाडले.

“पुरे झाली ती शहरी बाटली! आपल्याच डोंगरातलं पीक नेतात, पाणी घालून परत देतात. मी झाडं फडक्यावर झोडून काढलेली चरस तेलात कालवून देतो. तीच गुणाची! आणि ईदच्या सणानंतर हिला दर्ग्यात नेऊन ठेवायचं. जिन्न उतरेपर्यंत तिथंच राहील.”

“बांधून ठेवतात तिथं, काका,” तामिमुंत म्हणाली.

“बऱ्यासाठीच बांधतात.”

“तुमच्या चरसेनं तुमचाच बैल दोन दिवस उठला नव्हता.”

“तो बैल मुळातच आळशी होता!”

रहमूनालाही हसू आवरले नाही. पण काकांनी बाटली उचलून आपल्या झग्याच्या खिशात घातली, तेव्हा तिच्या तोंडचे पाणी पळाले. दर्ग्याच्या भिंतीतील लोखंडी कड्या तामिमुंतने लहानपणी पाहिल्या होत्या. तिने तिथल्या तिथे फोन काढला, तेतुआनला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा करून आकडीचे व चरसेचे सारे सांगितले.

“थेंब कशाबरोबर घेतेस?” डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला.

“कशाबरोबरच नाही. रमजान आहे ना.”

“अगं, हे औषध पाण्यात नाही, चरबीत मिसळतं. तेलकट खाल्लंस तर रक्तात कितीतरी पटींनी जास्त उतरतं. उपाशीपोटी घेतलंस तर बरंचसं तसंच निघून जातं. तू अर्धं औषधसुद्धा घेत नव्हतीस, पोरी. आणि एकदम बंद तर मुळीच करू नकोस, जिवावर बेतेल. ती चरस कोणी देत असेल तर त्याला सांग, त्यात नशेचंच द्रव्य भरलंय.”

रहमूना पदराने डोळे टिपू लागली. “मीच उपाशी ठेवलं गं तुला.”

“बाटली द्या, काका.”

“देतो. पण मागच्या खोलीत खायचं. दार लावून.”

“दार लावलं की आई घाबरते, आणि घाबरली की घासभर देऊन उरकते. नाही काका. उद्यापासून मी उंबऱ्यावर बसून खाणार.”

“भर रमजानात? लोक काय म्हणतील?”

“लोकांनी मला तोंडाला फेस येऊन पडलेलं पाहिलंय. आता जेवताना पाहू देत.”

दुसऱ्या दिवशी सूर्य चांगला वर आला असता, तामिमुंत उंबऱ्यावर बसली. समोर बिसाराचा, म्हणजे कडधान्याच्या दाट कढणाचा, वाडगा होता, त्यावर ऑलिव्हच्या तेलाचा बोटभर थर, हातात जवाची भाकरी. तिने थेंब घेतले व सावकाश जेवू लागली.

शेजारची म्हातारी फादिला वाटेतच थबकली. “लाज नाही वाटत, मुली?”

“भूक वाटतेय, आजी.”

“आत जाऊन खावं माणसानं.”

“आत मी पुष्कळ वर्षं होते.”

चार बायका जमल्या. कोणी तोंड फिरवले, कोणी कुजबुजले, एकीने तर काकांनाच हाक मारली. हद्दूकाका बाहेर आले. त्यांची मान गावासमोर कधी खाली गेली नव्हती. ती आज जाते की काय, एवढेच त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

“हद्दू, पोरीला आत घे!” म्हातारी ओरडली.

“आजारी आहे ती,” काका अखेर खेकसले. “तिला सूट अल्लानं दिलीय. तुम्हाला हिशेब द्यायला तिला कोणी सांगितलं नाही. चला, वाट मोकळी करा!”

आणि ते रागारागाने शेताकडे निघून गेले. तामिमुंतकडे त्यांनी वळून पाहिले नाही. दर्ग्याचे नावही पुन्हा काढले नाही.

आकडी कायमची गेली असे मी लिहिणार नाही, कारण ते खरे नाही. सणाआधी तामिमुंत आणखी एकदा पडली, त्यानंतर बरेच दिवस नाही. शेडमधील दोन बायका महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. तरी ती रोज सकाळी दार सताड उघडे ठेवून जेवली, आणि शेवटच्या आठवड्यात रहमूना तिच्या शेजारी, स्वतः रोजा धरून, साऱ्या गल्लीकडे तोंड करून बसू लागली.

ही हकीकत शेवटपर्यंत वाचल्याबद्दल आपणां सर्वांचे मनःपूर्वक आभार मानून लेखणी खाली ठेवतो.

आपला नम्र,
मेझियान उल्द अमर