बिनउन्हाचे दिवस

गारगोटीत माझं बॅटरीचं दुकान. पंधरा वर्षं ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज केल्या, पण उन्हावर चार्ज होणारी बॅटरी पहिल्यांदा पाहिली ती सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात, शाहूवाडीच्या डोंगरातल्या एका गावात. तिथल्या आरोग्य केंद्राला सोलर पॅनेल मिळालं होतं आणि ते जोडायला मला धाडलं होतं.

बाळंतिणीच्या खोलीत वीस वॅटची एक ट्यूब. रोज चार तास लावली तर सात अँपिअर-तास खर्च. बॅटरी एकच, पंचाहत्तरची. निम्म्याखाली उतरवली की ती लवकर मरते. म्हणजे ऊन नसलं तर जेमतेम पाच दिवस. पण इथे सलग किती दिवस ऊन पडत नाही? पॅनेलसोबत आलेल्या सरकारी कागदावर ‘चार’ लिहिलं होतं. लिहिणारा साहेब आषाढात इकडे फिरकला असेल, तर मी मिशी उतरवीन!

गावची सुईण तानाबाई. तिची लेक बनाबाई बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि दिवस भरत होते नेमके आषाढात. तानाबाई सारखी विचारायची, "निसारभाई, ऐन येळंला दिवा जाणार न्हाय न्हवं?"

सरपंच आकारामला विचारलं, तर म्हणाला, "म्हैनाभर सूर्य दिसत न्हाय की!" साहेबाचे चार, सरपंचाचा महिना, सगळंच अंदाजपंचे.

"मला इचारा की," तानाबाई म्हणाली. "तेल लावून लेकरू कवळ्या उन्हात निजवतोय आमी. ऊन न्हाय पडलं तर शेगडीनं शेकायचं. किती दिस शेकलं, त्ये ध्यानात ऱ्हातंय. चिमणाबाईचा थोरला, आठ दिस. झुंबरबाईची पोरगी, धा."

मला भारी मजा वाटली. घरोघर जाऊन आयांना विचारलं. दहाच्या वर कुणी गेलं नाही. दहा दिवसांचे सत्तर, त्याची दुप्पट एकशेचाळीस. म्हणजे आणखी एक आणायची. एकाच वयाच्या दोन बॅटऱ्या, प्लसला प्लस, मायनसला मायनस. झालं काम!

हत्यारं आवरताना सहज विचारलं, "मावशी, बनाबाईच्या पयल्या खेपंला किती दिस शेकलं?"

"चौदा दिस ऊन न्हवतं."

"मग मगाशी बोलला न्हाईसा?"

"शेकायला लेकरू कुटं हुतं, भाई? भर दुपारी खोलीत अंधार. कंदिलाच्या उजेडात गळ्याभवतीची नाळ दिसलीच न्हाय मला. बनीच्या दुधानं भिजलेल्या चोळ्या तेवढ्या चौदा दिस चुलीवर वाळिवल्या."

माझी मलाच लाज वाटली. जगलेल्या लेकरांचेच दिवस मोजत हिंडलो होतो मी.

चौदा साते अठ्ठ्याण्णव, दुप्पट एकशेशहाण्णव. साहेबाला विचारत बसलो नाही. दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं दुकानातून एकाऐवजी दोन कोऱ्या बॅटऱ्या आणून पहिलीला जोडल्या.

आषाढात बनाबाईला मुलगी झाली, ऊन गेल्याच्या तेराव्या दिवशी. नाळ याही खेपेला गळ्याभोवतीच होती. तानाबाईला ती दिसली.