बटणीचा बूट

मी एक जुनी परात आहे, मित्रांनो. लोखंडी पत्र्याची, वरून पांढरा मुलामा आणि काठाला निळी रेघ. आता मुलामा पिवळट पडला आहे, रेघ जागोजागी पुसली गेली आहे. माझ्या पोटाला एक टवका उडालेला आहे, तिथे काळं मेण चोपडलेलं दिसेल. माझी गोष्ट फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून म्हणू नका की परातीने फसवलं.

भट्टीतून दोनदा तावून निघाले तेव्हा माझ्याकडे बघत राहावं अशी मी होते. दुकानात गिऱ्हाइकं मला टिचकी मारून बघायची आणि मी खणखणीत वाजायचे. एका जोडे शिवणाऱ्याच्या बायकोने मला पसंत केलं. तिच्या स्वयंपाकघरात मी पीठ मळून घेतलं, भाज्या धुतल्या, आणि तिची मुलगी बसायला लागली तेव्हा तिला मांडीत घेऊन अंघोळही घातली. मुलगी काडीसारखी बारीक, म्हणून बापाने तिचं नाव टाचणी ठेवलं. खरं नाव शाळेत राहिलं, घरात टाचणीच चिकटली.

पुढे एकदा मी ओट्यावरून पडले आणि टवका उडाला. टाचणीची आई म्हणाली, "आता पिठात खपल्या यायच्या. अहो, तुमच्या दुकानात न्या हिला."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मी तिथे गेले ती कायमची. टाचणीच्या बाबांनी माझ्या टवक्यावर मेण चोपडलं, कारण उघडं लोखंड लागलं की ओल्या चामड्यावर काळे डाग पडतात. तेव्हापासून माझं काम एकच, चामडं भिजवायचं.

हे काम कसं असतं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चामडं माझ्यात बुडवून ठेवायचं. त्यातून बुडबुडे यायचे थांबले की ते पुरतं भिजलं. मग ते फर्म्यावर चढवायचं. फर्मा म्हणजे लाकडाचं पाऊल. बाबा ओलं चामडं त्या लाकडी पावलावर ओढून, ताणून, खिळ्यांनी जखडून टाकायचे आणि वाळायला ठेवायचे. वाळताना चामडं आवळत जातं आणि पावलाचा आकार धरून बसतं. "ओलं असताना ऐकतं, वाळलं की धरतं," असं बाबा म्हणायचे. आणि त्यांचा एक नियम होता, तो काही केल्या मोडायचा नाही. फर्म्यावर चढलेला जोडा पुरता वाळल्याशिवाय उतरवायचा नाही. घाई करून उतरवला की जोडा वेडावाकडा होतो, आणि मग तो गिऱ्हाइकाच्या पायातून आयुष्यभर शिवणाऱ्याची अब्रू काढत फिरतो.

बाबांच्या जोड्यांची लांबवर कीर्ती होती, आणि त्या कीर्तीत माझाही वाटा होता. "हिच्यात भिजलेलं चामडं लोण्यासारखं येतं," असं ते लोकांना सांगायचे. मी फुगून जायचे. परातीला फुगता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या दुकानात बटणी आली. कुणीतरी जोड्याला टाच लावून घेतली आणि मोबदल्यात कोंबडीचं एक पिल्लू ठेवून गेलं. पहिल्याच दिवशी तिने कुणाच्या तरी कोटाचं पडलेलं बटण गिळलं. ती मरणार म्हणून टाचणी रडत बसली, आणि दुसऱ्या दिवशी बटण जिथून बाहेर यायचं तिथून आलं. तेव्हापासून ती बटणी. तांबडी, गबदूल, भयंकर आगाऊ. गिऱ्हाइकाच्या जोड्याच्या नाड्या ओढायची, माझ्या काठावर बसून चामड्याचं पाणी प्यायची आणि निजायला थेट फर्म्यांच्या उंच फळीवर जायची. सकाळी तिथून दाणकन खाली दगडी फरशीवर उडी. त्या फरशीवर चुका विखुरलेल्या असायच्या. चुका म्हणजे तळव्याला ठोकतात ते बारीक खिळे.

एके दिवशी बटणी कोपऱ्यात एका पायावर उभी होती. टाचणीने तिला उचललं आणि पाय उलटा करून बघितला. तळवा सुजून लिंबाएवढा झाला होता, आणि मधोमध काळी टणक खपली.

"बाबा, हे बघा ना."

बाबांनी चष्मा पुढे ओढला. "कुरूप आहे हे. माणसांना होतं तसं."

"कोंबडीला कसं होईल कुरूप?"

"पाय आहे ना तिला? मग होणार."

टाचणीची आई दारात आली. "माझ्या टाचांच्या भेगांत बोट जातं, त्या कधी कुणी बघितल्या नाहीत," ती म्हणाली. "कोंबडीच्या पायाला मात्र दोघं दोघं." असं म्हणाली खरी, पण बटणीला गुंडाळायला जुना टॉवेल तिनेच आणून दिला.

जनावरांच्या डॉक्टरांकडे बटणीला नेलं. त्या बाईंनी खपली काढली, आतली दगडासारखी गाठ काढली आणि सांगितलं की जखम खोल आहे, हाडाजवळ पोचली आहे. रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकायचा. रोज पट्टी सोडायची, जखम बघायची, नवी पट्टी बांधायची. उंचावर चढू द्यायचं नाही, पायाखाली मऊ काहीतरी हवं. हे सगळं टाचणीने घरी येऊन बाबांना जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

मग टाचणीने मला राखेने आणि साबणाने घासघासून घासलं, आणि मित्रांनो, माझे दिवस बदलले. शाळेतून आली की ती पाणी तापवायची, मीठ घालायची आणि टॉवेलात गुंडाळलेली बटणी मांडीवर घेऊन तिचा पाय माझ्यात सोडायची. पाणी जास्त कढत असलं तर बटणी झटकन पाय वर ओढायची. मग टाचणी गार पाणी ओतायची. पुन्हा पाय, पुन्हा झटका, पुन्हा गार पाणी. पटलं की बटणी डोळे मिटायची आणि तिची मान हळूहळू टाचणीच्या दंडावर कलायची. एवढी चामडी भिजवली मी, पण माझ्यात कुणी विश्वासाने झोपी गेलं, ते पहिल्यांदाच. मला फार बरं वाटायचं, हे लपवत नाही.

सूज उतरायला लागली. बटणी पाय टेकू लागली. अडचण एकच होती, ती पट्टी टिकू द्यायची नाही. चोचीने उचकटायची, पट्टी सुटायची आणि जखमेत खाली अंथरलेला भुसा जायचा.

त्याच सुमारास टाचणीच्या मावशीला बाळ झालं. मदतीला आई निघाली, आणि सुट्टी असल्यामुळे टाचणीलाही तिच्याबरोबर जाणं भाग पडलं. ती जायला तयार होईना. बाबा फार बोलणारे नव्हते. मुलीला जवळ घेऊन समजूत काढणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांना जमायचं ते एकच. त्यांनी पेटीच्या तळातून वासराच्या कातड्याचा जपून ठेवलेला तुकडा काढला आणि माझ्यात भिजवला.

बटणीसाठी त्यांनी बूट शिवला. असा बूट मी कधी बघितला नाही. तिन्ही बोटांना तीन खोबण्या, मागच्या बोटाला वेगळी, आणि तळव्याखाली लोकरीची गादी. टाके इतके बारीक की डोळे ताणून शोधावे लागत. ओला बूट त्यांनी पट्टीवरून चढवला, वर नाडी बांधली. बटणी दोन पावलं चालली आणि रुबाबात थांबली. टाचणी इतकी हसली की तिला ठसका लागला.

निघताना तिने विचारलं, "रोज काढून बघाल ना, बाबा?"

"बघेन की. जा तू."

त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. संध्याकाळी पाणी तापवून त्यांनी मला पुढे ओढलं, बटणीला मांडीवर घेतलं आणि नाडीला हात घातला. बूट अजून ओलसर होता, वाळायला नुकती सुरुवात झाली होती. त्यांनी अंगठ्याने चामडं दाबून बघितलं आणि त्यांचा हात थांबला. वाळायच्या आत उतरवायचा नाही. त्यांनी नाडी तशीच राहू दिली आणि पाणी अंगणात ओतून टाकलं.

मला ओरडता येत असतं तर मी ओरडले असते. वाळताना चामडं काय करतं ते माझ्याइतकंच त्यांना ठाऊक होतं. पण आयुष्यभर त्यांनी ते लाकडावर वाळताना बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बूट छान बसला होता. पट्टी जागच्या जागी, कुठे भुसा नाही की घाण नाही. बाबा मनापासून खूश झाले. गिऱ्हाइकांना बटणी उचलून दाखवायचे. लोक म्हणायचे, "आमच्या पोरांना नाहीत असे जोडे, आणि कोंबडीचा थाट बघा." बाबा हसायचे. बूट अजून पुरता वाळला नाही, म्हणून काढायचं पुढे ढकलत राहिले, आणि वाळल्यावर इतका सुरेख दिसला की काढून पुन्हा बिघडवायचा जीव होईना. बटणी बसूनच असायची. दमली असेल, विश्रांती हवीच, असं म्हणून ते तिच्यापुढे दाणे ठेवायचे, ते तसेच राहायचे. वास यायला लागला होता, पण जोड्यांच्या दुकानात चामड्याचा, खळीचा, पॉलिशचा इतका वास असतो की एक वास जास्त झालेला कुणाला कळणार?

मी भिंतीला टेकून कोरडी उभी होते. आयुष्यात इतकी कोरडी मी कधीच नव्हते.

टाचणी परत आली ती दारातून थेट बटणीकडे. नाडी सुटली, पण बूट निघेना. बाबांनी पातळ सुरी घेऊन तो उभा चिरला. आतून जे निघालं ते बघून आईने तोंडाला पदर लावला. पाय काळा पडला होता. बोटं वाळलेल्या काड्यांसारखी, आणि वर, जिथे नाडी होती, तिथे मांस फुगून ओघळत होतं.

टाचणीने पाणी तापवलं, मीठ घातलं, आणि बटणीला मांडीवर घेऊन तिचा पाय माझ्यात सोडला. घाईत तिने गार पाणी घातलंच नव्हतं. पाणी कढत होतं, मित्रांनो. मला भाजत होतं. टाचणी वाट बघत राहिली, पण पाय वर आला नाही. मग तिने स्वतःचा हात पाण्यात घातला, चटका बसून बाहेर काढला, आणि तिला सगळं समजलं.

डॉक्टर आल्या. म्हणाल्या, पाय गेलाच आहे, पण विष अंगात भिनलंय, आता कापूनही उपयोग नाही. त्यांनी दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. टाचणीने मला पुसून कोरडं केलं, टॉवेल अंथरला आणि बटणीला माझ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर लोक ये-जा करत असताना, ती माझ्याच मांडीत गेली. तिचं वजन शेवटी अगदीच कमी झालं होतं.

परसात तिला पुरून आल्यावर टाचणीने एवढंच विचारलं, "बाबा, तिला दुखत असेल, तुम्हाला कळलं नाही?"

बाबांनी फळीवरच्या फर्म्यांकडे बघितलं. "फर्मा कधी बोलत नाही गं," ते म्हणाले. "मला पायांची सवयच नाही."

त्यानंतर त्यांनी मला हात लावला नाही. चामडं बादलीत भिजायला लागलं आणि मी परसात पडून राहिले. माझ्यात पानं कुजली, पाणी साचून किडे झाले. मेण निघून गेलं आणि टवक्याभोवती गंज चढला. मला राग नाही आला. मला बघितलं की त्यांना काय दिसत असेल, ते मला माहीत होतं.

घरात बोलणं कमी झालं. टाचणी बाबांशी नीट वागायची, विचारलं तर उत्तर द्यायची. तेवढंच.

मग एका संध्याकाळी बाबा परसात आले, मला उचललं, घासलं आणि दुकानात नेलं. टाचणी शाळेतून आली होती. त्यांनी कोमट पाणी ओतलं, मीठ घातलं, आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"पाय दे."

"कशाला?"

"चालताना उजवा पाय चोरतेस. दे इकडे."

जोडे त्यांनीच शिवलेले होते, मागच्या वर्षी. त्यांनी नाड्या सोडल्या. टाचेवर फुटलेला फोड होता, आणि बोटं एकमेकांवर चढून लाल झाली होती. जोडे केव्हाचे लहान झाले होते.

"टाचणे, बोलली का नाहीस?"

तिने खाली बघितलं. "तुम्ही केलेत ना ते. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

बाबांनी तिचे पाय माझ्यात ठेवले आणि दोन्ही हातांनी धरून राहिले. "वाटू दे," ते म्हणाले. "मला वाईट वाटू दे. तू सांगत जा." मग ते रडले, आणि टाचणीही रडली, आणि ते सगळं पाणी माझ्यातच पडलं.

आता मी दुकानाच्या दाराशी असते. गिऱ्हाईक आलं की बाबा आधी त्याला जोडे काढायला लावतात, पाऊल हातात घेतात आणि विचारतात, कुठे लागतंय. काही लोक वैतागतात. बाबा तरी विचारतात. आईच्या टाचांना आता रोज मलम लागतं, आणि ते लावताना बाबांना चार शब्द ऐकूनही घ्यावे लागतात.

मित्रांनो, माझा मुलामा फार काळ टिकणार नाही, आणि मला जपा असं मी म्हणणारही नाही. पण तुमच्या घरी एखादं मुकं जनावर असेल, आजारी माणूस असेल, आणि तुम्ही त्याला प्रेमाने पट्टी बांधली असेल, तर तिचा सुबकपणा बघत बसू नका. ती आज सोडा. उद्याही सोडा. आत बघा, आणि पाणी कढत असूनही पाय मागे येत नसेल, तर तो शांत आहे असं समजू नका.